पाव मापाचे 'पुष्पक' आणि चार सिलिंडरांपैकी गप्प बसणारे एक

धागालेखक

गेल्या रविवारी माझे रिमोटवर उडणारे प्रतिकृती-विमान ज्वारीच्या शेतात उतरले. 'उतरले' हा शब्द मी केवळ स्वतःच्या समाधानासाठी वापरतो आहे. बघणाऱ्यांनी वेगळा शब्द वापरला. नुकसान फार नाही: डावा चाकाचा पाय मुडपला, पंखा तुटला आणि शेतमालकाची दहा-बारा ताटे आडवी झाली, त्याचे पैसे देऊन झाले. मंचावर हा धागा काढण्याचे कारण मात्र नुकसान नसून निदान आहे. बहुसिलिंडर ग्लो इंजिने वापरणारे येथे थोडे असले तरी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

विमान म्हणजे एचएएलच्या 'पुष्पक'ची एकचतुर्थांश प्रतिकृती. मूळ विमान बंगळूरला तयार झाले, १९५८ साली प्रथम उडाले आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वर्षे नवशिक्यांनी त्यावर हात साफ केला. पंख वर, आसने शेजारी-शेजारी, अंगावर कापड. मूळ पंखविस्तार १०.९७ मीटर, म्हणून माझा २.७४ मीटर. लांबी चौथ्या हिश्श्यावर आणली की वजन चौसष्टाव्या हिश्श्यावर यायला हवे. मूळ विमानाचे भरलेले वजन सुमारे ६१० किलो धरले तर माझे साडेनऊ किलोंत बसायला हवे होते. प्रत्यक्षात ते अकरा किलो भरले, आणि त्याला इंजिन कारणीभूत आहे.

खऱ्या 'पुष्पक'मध्ये काँटिनेंटल सी-९० हे ९० अश्वशक्तीचे, समोरासमोर दोन-दोन सिलिंडर आडवे असलेले इंजिन असे. प्रतिकृतीतही तशीच मांडणी असावी, हा माझा हट्ट. ओएस कंपनीच्या 'पेगासस' या चार सिलिंडरी, चार-स्ट्रोक, सुमारे ५३ घन सेंटिमीटरच्या इंजिनाविषयी येथे अनेकांना ठाऊक असेल. माझे जुने इंजिन त्याच जातकुळीचे आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमध्ये प्लॅटिनम-मिश्रधातूच्या तारेचे लहानसे वेटोळे असते. सुरू करताना ते बॅटरीने लाल करायचे. एकदा इंजिन चालू लागले की ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी उत्प्रेरित क्रिया यांच्या बळावर तार आपोआप तापलेली राहते. रे आर्डेन या अमेरिकन गृहस्थाने १९४७च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांवरचे कॉइल, कंडेन्सर व त्यांच्या बॅटऱ्या यांचे ओझे एकदम उतरले. एका सिलिंडरला ही व्यवस्था फार सोयीची आहे. चार सिलिंडरांना मात्र एकच कार्बुरेटर, चार लांब नळ्या आणि चार स्वतंत्र विस्तव, असा संसार असतो; चूल एक विझली तरी घर चालूच राहते, आणि गोम नेमकी तेथेच आहे.

रविवारच्या आधीच्या दोन उड्डाणांत धावपट्टीवरची धाव थोडी लांबली होती. टॅकोमीटर मिनिटाला नेहमीच्या ७,००० ऐवजी ६,४०० फेरे दाखवत होता. मी नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) दोन खटके आत घेतली, सकाळच्या गारव्याला दोष दिला आणि उडवले. रविवारी उतरताना वाऱ्याने विमान किंचित डावीकडे ढकलले, म्हणून पुन्हा फेरी मारण्यासाठी थ्रॉटल उघडला. इंजिनाने एक ठसका दिला आणि पंखा उभा राहिला. खाली आल्यावर इंजिनावरची टोपी काढली. तीन एक्झॉस्टच्या तोंडाशी जळक्या तेलाचा तपकिरी ओघळ होता. उजवीकडच्या मागच्या सिलिंडरच्या तोंडातून मात्र स्वच्छ, न जळलेले इंधन थेंब-थेंब ठिबकत होते. तेथला प्लग ओला, पण बाहेर काढून बॅटरी लावली तर झकास पेटला. दोष प्लगपर्यंत बॅटरीचा प्रवाह नेणाऱ्या तारेत निघाला. मीच दाबून बसवलेल्या टोकाशी तारेचे आतले धागे कंपनाने तुटले होते आणि वरचे आवरण शाबूत होते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. म्हणजे आधीची दोन उड्डाणे बहुधा मी तीनच सिलिंडरांवर केली.

घरी येऊन हिशेब मांडला. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा शक्ती पाऊण झाली तरी फेरे जेमतेम नऊ टक्क्यांनी घटतात: ७,००० चे ६,३५०. ओढ सुमारे ८२ टक्के उरते, आणि तेवढ्यावर हे विमान आरामात उडते. नीडल थोडी बिघडली तरी एवढाच फरक पडत असल्यामुळे माणूस फसतो.

माझा प्रश्न असा: चारांपैकी एक सिलिंडर गप्प बसले आहे हे हवेत असताना, किंवा निदान उड्डाणापूर्वी खात्रीने, कसे ओळखावे? आपापला अनुभव लिहावा, ही विनंती.

रानवाट

विमान वाचले हे महत्त्वाचे. उड्डाणापूर्वीची जुनी युक्ती म्हणजे ओले बोट. इंजिन अर्धा मिनिट मंद गतीवर चालवावे, बंद करावे आणि लगेच प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याला पाण्याचे बोट लावावे. जेथे चुर्र होत नाही ते सिलिंडर झोपलेले आहे. हल्ली इन्फ्रारेड तापमापी स्वस्त मिळतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो हमखास कमी तापमान सांगतो. म्हणून चारही डोक्यांवर काळ्या रंगाचा एकेक ठिपका द्यावा आणि तेथेच नेम धरावा. चालू पंख्यामागे हात घालून मोजमाप करण्याचा मोह मात्र कोणी करू नये, वीस इंची लाकडी पात्याला बोट आणि काकडी यांतला फरक कळत नाही.

तसेच टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट) तपासलेत का? आठ व्हॉल्व्ह आहेत, आणि एखाद्याचा गॅप बुजला की ते सिलिंडर मंद गतीला दम टाकते. थंड इंजिनावर ०.०४ ते ०.१ मिलिमीटर ठेवतो मी.

आणखी एक शंका. विमानात बसवलेल्या ग्लो ड्रायव्हरवर (प्लगांना बॅटरीचा प्रवाह पुरवणाऱ्या पेटीवर) दिवा असतो ना? तो लागलेला होता का?

धागालेखक

रानवाट, दिवा लागलेला होता, आणि माझी दिशाभूल त्यानेच केली. माझ्या ड्रायव्हरचा दिवा 'मी चालू आहे' एवढेच सांगतो. 'चारही प्लगांतून प्रवाह जातो आहे' असे सांगत नाही. प्लगचे धातूचे अंग इंजिनात पिळलेले असल्यामुळे चौघांचे एक टोक आपसूकच एकमेकांना जोडलेले असते, तेव्हा ते समांतरच जोडावे लागतात. एक तुटला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. प्रत्येक प्लग साधारण तीन अँपिअर घेतो, म्हणजे चौघांचे बारा. मुख्य तारेवर अँपिअर मोजणारा काटा असता तर बारा आणि नऊ हा फरक जमिनीवरच दिसला असता. टॅपेट तपासले, सर्व ठीक आहेत.

कोरडा ओढा

माझ्याकडे पाच सिलिंडरांचे रेडियल (चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर मांडलेले इंजिन) आहे, आणि वर लिहिलेले दुखणे रेडियलमध्ये आणखी वाईट स्वरूपात भेटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चार-स्ट्रोक रेडियलमध्ये एका वर्तुळात सिलिंडर विषमच का असतात, असे पुष्कळजण विचारतात. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. पाच सिलिंडर असले की एक सोडून एक असे पेटवत गेल्यास क्रम १-३-५-२-४ होतो, दर १४४ अंशांना एक ठोका पडतो आणि दोन फेऱ्यांत वर्तुळ बिनचूक पुरे होते. सम संख्या घेतली तर एक सोडून एक पेटवताना पहिल्याच फेरीनंतर पुन्हा पहिल्यापाशी येऊन पोचतो आणि मधले तसेच राहतात. सातांचा क्रम याच न्यायाने १-३-५-७-२-४-६.

आता दुखण्याकडे येतो. रेडियलचे खालचे दोन सिलिंडर उलटे लोंबकळतात. इंजिन बंद झाले की क्रँककेसमधले तेल गुरुत्वाकर्षणाने त्यांच्यात उतरते, पिस्टनच्या कडेने झिरपत डोक्यात साठते आणि प्लग त्या तेलात बुडतो. नंतर कोणी घाईने इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर द्रव दाबला जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. माझ्या ओळखीत एकाने हे केले आहे आणि तो मीच आहे. त्या दिवसापासून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने सावकाश आठ-दहा वेळा फिरवतो. कोठेही अडल्यासारखे वाटले की जोर न लावता खालचे दोन्ही प्लग काढतो, तेल गळू देतो, पुसतो आणि परत बसवतो. घरी विमान नाकावर उभे करून ठेवतो. पाहुणे विचारतात, हे पडले का?

खालचे प्लग उडतानाही आधी गारठतात, कारण नळ्यांत जमलेले इंधनाचे थेंब खालीच येतात. म्हणून ड्रायव्हर एकतृतीयांश थ्रॉटलच्या खाली आपोआप चालू होईल असा लावला आहे. लांब उतरण असेल तर दर काही सेकंदांनी थ्रॉटल थोडा उघडून 'घसा साफ' करून घेतो. तुमच्या आडव्या इंजिनालाही हे लागू पडेल.

पाटीपेन्सिल

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. चार सिलिंडर घ्यायचे कारण म्हणून 'खऱ्या विमानासारखा आवाज' असे नेहमी सांगितले जाते. आकडे पाहू. चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन एका फेरीत दोन ठोके देते. ७,००० फेऱ्यांना मिनिटाला १४,०००, म्हणजे सेकंदाला सुमारे २३३. खरे 'पुष्पक' २,४०० फेऱ्यांना सेकंदाला ८० ठोके देत असणार. तुमचे साधे एकसिलिंडर चार-स्ट्रोक त्याच ७,००० फेऱ्यांना सेकंदाला ५८ ठोके देते. म्हणजे सुराच्या उंचीपुरते पाहिले तर एक सिलिंडरच खऱ्याच्या अधिक जवळ आहे, आणि तुमचे इंजिन दीड सप्तक वर गाते!

दुसरे असे, की मोठ्या इंजिनाला मिथेनॉल पाजण्यात अर्थ काय? पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४. त्यामुळे तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन घालावे लागते. आता अनेक सिलिंडरांची इंजिनेही ठिणगीच्या पेट्रोल इंजिनांत मिळतात. सायतो कंपनीची तीन सिलिंडरांची पेट्रोल रेडियल इंजिने आहेतच. ठिणगी असली की हे प्लग गारठण्याचे प्रकरणच मिटते.

धागालेखक

पाटीपेन्सिल, आवाजाचा हिशेब बिनतोड आहे आणि मी तो कधी केला नव्हता. तरी माझा अनुभव सांगतो: कानाला सुराच्या उंचीपेक्षा ठोक्यांचा सारखेपणा अधिक जाणवतो. एकसिलिंडर इंजिन टपटपते. चौघांचे ठोके एकमेकांत मिसळून घरघर होते. मंद गतीला, १,८०० फेऱ्यांवर, हेच इंजिन सेकंदाला ६० ठोके देते आणि त्या वेळी डोळे मिटून ऐकले तर मागे धावपट्टी आहे असे वाटते. कंपन कमी, हा फायदा वेगळाच. पत्र्याची टोपी भेगाळत नाही.

इंधनाचा आक्षेप मान्य. पूर्ण थ्रॉटलला माझे इंजिन मिनिटाला साठेक मिलिलिटर पिते, म्हणून पाऊण लिटरची टाकी आहे आणि दहा मिनिटांचा गजर लावतो. पण मिथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषते, आणि टोपीत कोंडलेल्या मागच्या दोन सिलिंडरांना पुण्याच्या एप्रिलमध्ये तेच तारते. इंजिन चालू असताना मागच्या नळ्यांवर बाहेरून दव धरलेले मी पाहिले आहे. अर्थात याच गारव्यामुळे नळीच्या आत थेंब साचतात आणि चौघांना वाटणी सारखी होत नाही, हेही तितकेच खरे. नीडल नेहमी सर्वांत उपाशी सिलिंडरच्या तब्येतीने ठेवायची, म्हणजे बाकीचे तिघे थोडे जास्त जेवतात.

वेशीवरचा वड

नवखा प्रश्न आहे. मिथेनॉल आणि ग्लो इंधनात मिसळतात ते नायट्रोमिथेन कोठून आणता? आणि एवढे मोठे विमान उडवायला परवानगी लागते का?

रानवाट

वडोबा, मिथेनॉल विष आहे आणि कायद्यानेही विषारी द्रव्यांत मोडते. साठवण-विक्रीला परवाना लागतो, म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीनिशी आणि लागेल तेवढेच घ्यावे. हातमोजे घालावेत, कारण ते त्वचेतूनही शोषले जाते. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. 'काही पेटलेले दिसत नाही' म्हणून हात घालू नये. ते पाण्यात मिसळते, म्हणून भरपूर पाण्याने विझते. बादली जवळ असू द्यावी.

नायट्रोमिथेन येथे सहजी मिळत नाही आणि चार-स्ट्रोकला त्याचे फारसे अडतही नाही. आम्ही बरेचजण त्याच्याशिवायच चालवतो: ८० भाग मिथेनॉल, २० भाग तेल. फक्त मंद गती किंचित कमी स्थिर राहते आणि प्लग अधिक गरम जातीचा निवडावा लागतो. तेलाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. जगात सर्वाधिक एरंडी आपल्याच देशात, मुख्यतः गुजरातेत पिकते. लहानपणी ज्या एरंडेलाच्या चमच्याला पाहून पळालो, ते आता स्वतः गाळून पाजतो. चार सिलिंडरांना निव्वळ एरंडेल नको, व्हॉल्व्हवर चिकट थर धरतो. अर्धे कृत्रिम तेल मिसळावे. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिन कोरडे पडेपर्यंत चालवावे आणि आत हलके तेल सोडावे. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि बेअरिंगे गंजतात.

परवानगीचे म्हणाल तर २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी व नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना टाइप सर्टिफिकेटची (नमुन्याच्या सरकारी मान्यतेची) सक्ती नाही. हवाई क्षेत्राचे रंग मात्र सर्वांना लागू आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत; विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. पुण्यात लोहगाव विमानतळ आहे, तेव्हा मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे भाग आहे.

धुक्यातला सदाशिवपेठी

मी इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरच्या जवळ राहतो. ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहाच्या गवती धावपट्टीवर प्रतिकृतींचे मेळावे भरतात. तेथे या प्रकारची इंजिने अजून ऐकू येतात. लेझर या इथल्या कंपनीची व्ही आकाराची दोन सिलिंडरी ग्लो इंजिनेही बरीच दिसतात, आणि त्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बुरेटर असतो. वाटणीचा प्रश्न मुळातच सुटतो; त्याऐवजी दोन नीडला जुळवण्याचा प्रश्न येतो, तो भाग वेगळा.

येथे आवाजाची मर्यादा सात मीटरवरून ८२ डेसिबल आहे. ती मोजण्याच्या निमित्ताने मी एक गोष्ट शिकलो: मृत सिलिंडर असताना आवाज कमी होत नाही, लय लंगडते. पण हे जमिनीवर, शंभर मीटर उंचीवरून माझ्या कानाला कधी कळले नाही. त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर टेलिमेट्री (उडत्या विमानातली मोजमापे रेडिओने खाली पाठवणे) हे आहे. चारही डोक्यांना उष्णतेचे चार सेन्सर लावा, आणि तापमान किती आहे यापेक्षा चौघांत अंतर किती पडले यावर गजर ठेवा. हवामान बदलले तरी चौघे एकत्रच वर-खाली होतात. एकटा खाली गेला की तो झोपला.

करवीरकाठ

विषयाला धरूनच थोडेसे. 'पुष्पक' छान आहे, पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली घडलेले एचटी-२ कोणी का करत नाही? १९५१ साली उडालेले, भारतीय आराखड्याचे विमान आहे. सिरस मेजर हे ओळीतले चार सिलिंडरांचे इंजिन त्यात होते. ओएसचे ओळीतले चार सिलिंडरी ग्लो इंजिनही एके काळी मिळत असे.

कोरडा ओढा

करवीरकाठ, कल्पना मोहात पाडणारी आहे, पण सिरस मेजर उलटे बसवलेले असे, डोकी खाली. ग्लो इंजिन तसे उलटे बसवले तर माझ्या खालच्या दोन सिलिंडरांचे जे होते ते तुमच्या चारही सिलिंडरांचे होईल. बाहेरून खोटी टोपी तशी करावी आणि आत इंजिन सरळ बसवावे, हाच शहाणपणा.

धागालेखक

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांत केलेले काम नोंदवतो.

ग्लोच्या चारही तारा नव्या टाकल्या. टोक दाबून बसवल्यानंतर पाठीमागे दोन सेंटिमीटरवर तार इंजिनालाच बांधली, म्हणजे कंपनाचा झोला टोकावर येत नाही. मुख्य तारेवर अँपिअरचा काटा बसवला. बारा दिसल्याशिवाय स्टार्टर हातात घ्यायचा नाही. टोपीतल्या मागच्या सिलिंडरांसमोर पातळ ॲल्युमिनियमचे आडपडदे लावले, कारण हवा पुढच्यांना वारा घालून बाजूने निसटत होती. बाहेर पडायची फट आता आत येणाऱ्या तोंडाच्या अडीचपट आहे. पंख्याला दुसरे कुलपी नटही लावले.

सदाशिवपेठींच्या सांगण्याप्रमाणे चार सेन्सर लावले आणि तिसऱ्या प्लगची तार मुद्दाम काढून जमिनीवर इंजिन चालवले. फेरे ६,३८० भरले. मंद गतीवर त्या डोक्याचे तापमान इतरांपासून फुटून खाली येऊ लागले आणि चाळीस अंशांचे अंतर पडायला अकरा सेकंद लागले. तेव्हा रेडिओ बोलला. पूर्ण थ्रॉटलवरून एकदम मंद केल्यास मात्र पुढची जोडी मागच्यांपेक्षा लवकर निवते आणि गजर उगीच वाजतो. पुढच्या-मागच्यांची तुलना न करता डाव्या-उजव्यांची करावी असा विचार आहे. तशी जुळणी कोणी केली असल्यास किती अंशांची मर्यादा ठेवली ते लिहावे. रविवारी तीस ठेवून पाहणार आहे. ज्वारीची कापणी झाली आहे.